क्ष पुसून टाकताना

"जो अभ्यास करील तो पास होईल." हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्यातला 'जो' कोण, असं विचारायचं सुचतही नाही. तो कुणीच नाही. 'जो' आणि 'तो' ही जोडी एवढंच सांगते की अभ्यास करणारा आणि पास होणारा माणूस एकच आहे. वाक्यात दोन रिकाम्या जागा आहेत आणि त्या एकाच माणसाने भरायच्या आहेत. जो-तो हा त्या दोन जागांना बांधणारा दोरा.

शाळेच्या बीजगणितातला क्ष हेच काम करतो. क्ष + क्ष² असं लिहिलं की दोन्ही ठिकाणी तोच आकडा ठेवायचा. क्षच्या जागी य लिहिला तरी काही बिघडत नाही. आपल्याकडच्या जुन्या गणितात हे नातं नावातच उघड होतं. बाराव्या शतकात भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणतात, म्हणजे जितकं-तितकं. लिहिताना त्याचं नुसतं 'या' होतं. आणखी अज्ञात राशी आल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं येतात आणि ती 'का', 'नी', 'पी' अशी लिहिली जातात. पहिल्या नावातली जोडी जो-तो याच घराण्यातली आहे. क्षसारखा चल म्हणजे मुळात एक सर्वनाम, हे त्या शब्दातच लिहिलेलं आहे.

पुढची गोष्ट त्या परंपरेतून आलेली नाही, ती युरोपात घडली आणि अमेरिकेत वाढली. पण तिच्या मुळाशी याच दोऱ्याचा प्रश्न आहे. तो काढून टाकला, क्ष आणि य कायमचे पुसले, तर गणित उभं राहील का?

७ डिसेंबर १९२० रोजी ग्योटिंगेनच्या गणित मंडळापुढे एका व्याख्यानात याचं उत्तर 'हो' असं आलं. व्याख्याता होता मोझेस शोनफिंकेल. जन्म एकाटेरिनोस्लाव्हचा, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या द्निप्रोचा. शिक्षण ओडेसाला झालं आणि १९१४पासून तो ग्योटिंगेनमध्ये, डेव्हिड हिल्बर्टच्या मंडळीत होता. गणिताचा पाया किती थोड्या विटांवर उभा करता येईल, हा त्या काळी तिथला जिव्हाळ्याचा विषय होता. १९१३ साली हेन्री शेफर या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की 'आणि', 'किंवा', 'नाही', 'जर-तर' ही सगळी तार्किक चिन्हं एकाच चिन्हातून काढता येतात. 'दोन्ही एकाच वेळी खरी नाहीत' एवढंच ते एक चिन्ह म्हणतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हे नॅण्ड गेट म्हणून पाठ असतं. शोनफिंकेलने शेफरपासूनच सुरुवात केली आणि म्हटलं की अजून पुढे जाता येतं. चिन्हं कमी झाली, आता चलही काढून टाकू. विधानातला चल त्या विधानाच्या अर्थाचा भाग नाही. कोणती जागा कोणत्या जागेशी बांधलेली आहे, हे दाखवणारी ती नुसती खूण आहे. ही खूण दुसऱ्या रीतीने दाखवता आली, तर चलाची गरज उरत नाही.

त्यासाठी आधी त्याने एक सोय केली. बेरीज या फंक्शनला दोन आकडे लागतात. शोनफिंकेल म्हणाला, एका वेळी एकच द्या. बेरीजला ५ दिला की हाती येतं ते 'पाच मिळवणारं' फंक्शन. त्याला ३ दिला की ८. म्हणजे जगात फक्त एका इनपुटची फंक्शनं आहेत असं धरून चालता येतं, कारण फंक्शन स्वतःच दुसऱ्याच्या हातात देता येतं आणि उत्तर म्हणूनही परत मिळतं. जर्मनीतल्याच गोटलोब फ्रेगेने १८९३मध्ये ही युक्ती वापरली होती. पण तिच्यावर सगळी इमारत उभी करणारा पहिला माणूस शोनफिंकेल.

मग त्याने पाच फंक्शनं मांडली. पहिलं, जे दिलं ते तसंच परत करणारं. दुसरं, स्थिरतेचं. याला दोन वस्तू द्या, ते पहिली ठेवतं आणि दुसरी सोडून देतं. तिसरं, दोन इनपुटांची अदलाबदल करणारं. चौथं, दोन फंक्शनं एकापुढे एक जोडणारं. पाचव्याला त्याने जर्मनमध्ये विलयाचं, एकजीव करण्याचं नाव दिलं. यातल्या पहिल्याला आज आय म्हणतात, दुसऱ्याला के आणि पाचव्याला एस.

के आणि एस जवळून पाहण्यासारखे आहेत, कारण सगळा खेळ त्या दोघांचा आहे. त्यांचे नियम असे:

के अ ब = अ

एस प फ क्ष = प क्ष (फ क्ष)

केचं काम टाकून देणं. एसचं काम उलट, त्याच्याकडे झेरॉक्स मशीन आहे. क्ष आला की तो त्याच्या दोन प्रती काढतो, एक पला देतो, एक फला देतो, आणि फचं उत्तरही पच्या हवाली करतो. या नियमांत क्ष दिसतो खरा, पण तो नियम समजावून सांगण्यापुरता. एस आणि के यांनी बांधलेल्या वाक्यात तो येणार नाही.

वर आलेलं क्ष + क्ष² हेच उदाहरण घेऊ. एसला बेरीज आणि वर्ग ही दोन फंक्शनं द्या:

एस बेरीज वर्ग

इथे क्ष नाही. आता त्याला ५ द्या. एसच्या नियमाने होतं बेरीज ५ (वर्ग ५), म्हणजे ५ आणि २५ यांची बेरीज, ३०. 'एस बेरीज वर्ग' ही तीन शब्दांची मोळी म्हणजेच क्ष + क्ष². वर्ग तरी वेगळा कशाला? 'एस गुणाकार आय' याला ५ द्या, म्हणजे गुणाकार ५ (आय ५), आणि आय ५ म्हणजे ५, म्हणून उत्तर २५. झाला वर्ग.

आता आयची गरज आहे का, ते पाहू. 'एस के के' ला क्ष द्या. एसच्या नियमाने होतं के क्ष (के क्ष). के पहिली वस्तू ठेवतो, दुसरी सोडतो, आणि हाती राहतो क्ष. म्हणजे 'एस के के' हाच आय. मी पहिल्यांदा हे वहीत करून पाहिलं तेव्हा त्या दुसऱ्या के क्षचं काय होतं याकडे बराच वेळ बघत राहिलो होतो. तो आत न उघडता टाकून दिला जातो. त्याच्या जागी दुसरं काहीही ठेवलं असतं तरी चाललं असतं. 'एस के एस' सुद्धा आयच आहे.

शोनफिंकेलने दाखवलं की पाचांपैकी तीन फंक्शनं या दोघांतून निघतात. जोडणी म्हणजे एस (के एस) के, आणि अदलाबदलही अशीच, फक्त जरा लांब. कुठलंही चलयुक्त वाक्य घ्या, त्यातला क्ष पुसायची रीत यांत्रिक आहे. नुसता क्ष असेल तर आय लिहा. क्षचा संबंधच नसेल तर के लिहून ती वस्तू द्या. दोन तुकड्यांची जोडी असेल तर दोन्ही तुकड्यांतून क्ष पुसा आणि पुढे एस लावा. तीन ओळींचं हे काम लहान मुलालाही करता येईल. या दोघांना शेफरच्या चिन्हासारखं एक तिसरं फंक्शन मिळालं की 'प्रत्येक', 'असा एक तरी' या शब्दांसकट सगळं तर्कशास्त्र चलाशिवाय लिहिता येतं.

हे व्याख्यान शोनफिंकेलने स्वतः लिहून काढलं नाही. सहकारी हाइनरिख बेमान याने ते लिहिलं आणि १९२४मध्ये 'मॅथेमाटिशे आनालेन'मध्ये ते छापून आलं. शेवटचे काही परिच्छेद बेमानने स्वतःचे जोडले. त्याच वर्षी शोनफिंकेल मॉस्कोला गेला. ग्योटिंगेनच्याच पाउल बर्नाइसबरोबरचा आणखी एक लेख त्याच्या नावावर आहे, बस. १९२७पर्यंत तो मनाच्या आजाराने रुग्णालयात असल्याची बातमी बाहेर आली होती. १९४२च्या सुमारास मॉस्कोत हलाखीत तो गेला. त्याचे कागद शेजाऱ्यांनी ऊब मिळवायला जाळले असं सांगितलं जातं. दोन लेखांचा हा माणूस, आणि त्यांतलाही मोठा लेख दुसऱ्याच्या हातचा.

आता अमेरिका. हॅस्केल ब्रूक्स करी याचा जन्म १९००चा, मॅसॅच्युसेट्समधल्या मिलिसचा. आईवडील वक्तृत्वकलेची शाळा चालवत. हार्वर्डला तो डॉक्टर व्हायला गेला, तिथून गणितात आला, मग इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग भौतिकशास्त्र, आणि पुन्हा गणित. १९२२मध्ये व्हाइटहेड आणि रसेल यांचं 'प्रिन्किपिया मॅथेमॅटिका' वाचताना त्याला एक गोष्ट खटकली. तर्काचा मुख्य नियम एका ओळीत मावतो: प खरं असेल आणि प वरून फ निघत असेल तर फ खरं. पण चलाच्या जागी दुसरं काही ठेवायचा नियम, जो दिसायला अगदी साधा, तो नीट लिहायला गेलं की लांबत जातो.

यात अवघड काय आहे ते मराठी माणसाला पटकन कळेल. "रमेशने सुरेशला त्याचा डबा दिला." कुणाचा डबा? 'आपला डबा' म्हटलं तर रमेशचा हे नक्की होतं, 'त्याचा' म्हटलं की शंका राहते. वाक्यात दोन-तीन 'तो' आले की एकाचा दोरा दुसऱ्यात गुंततो. चलांचंही तसंच होतं. एका सूत्रातला क्ष उचलून दुसऱ्या सूत्रात ठेवताना तिथे आधीच दुसरा क्ष बसलेला असला, तर दोघे एकच होऊन जातात आणि खरं विधान खोटं होतं. आजही कंपायलर लिहिणारे लोक या चुकीला घाबरून असतात. करीने ठरवलं की ही ठेवण्याची क्रिया फोडून तिचे सगळ्यांत बारीक तुकडे काढायचे.

ते तुकडे त्याला सापडले होते आणि तो प्रिन्स्टनला शिकवत होता. तेव्हा, १९२७च्या शरदात, ग्रंथालयात त्याच्या हाती शोनफिंकेलचा लेख पडला. आपलंच काम कुणीतरी आधी करून ठेवलेलं होतं. त्याने चौकशी केली. रशियन गणिती पावेल अलेक्सांद्रोव्ह तेव्हा प्रिन्स्टनमध्ये होता, त्याच्याकडून शोनफिंकेलच्या आजाराचं कळलं. मग करी थेट ग्योटिंगेनला गेला. प्रबंध नावाला हिल्बर्टकडे होता, प्रत्यक्षात चर्चा चालायची ती बर्नाइसशी. १९३०मध्ये तो प्रबंध छापला गेला आणि त्याबरोबर या विषयाला नाव मिळालं: संयोजी तर्कशास्त्र, कॉम्बिनेटरी लॉजिक. ही फंक्शनं म्हणजे कॉम्बिनेटर.

अक्षरं बदलली ती करीच्या हातून. स्थिरतेच्या फंक्शनला शोनफिंकेल सी म्हणत असे, करीने त्याला के केलं. सी हे अक्षर अदलाबदलीला गेलं. जोडणी झेड होती, ती बी झाली. शोनफिंकेलची एका वेळी एक इनपुट देण्याची युक्ती तर १९६७मध्ये ख्रिस्तोफर स्ट्रेची याच्या व्याख्यानांतून 'करीइंग' या नावानेच संगणकशास्त्रात रुळली. खुद्द करी तिचं श्रेय शोनफिंकेलला देत असे. भाषाशास्त्राच्या काही पुस्तकांत 'शोनफिंकेलायझेशन' असा शब्द दिसतो, तो वाचला की मला बरं वाटतं.

यानंतर पुढची पन्नास वर्षं करी जवळजवळ याच एका विषयात राहिला, बहुतेक काळ पेनसिल्व्हेनिया स्टेट कॉलेजमध्ये. त्याला या विटांवर पूर्ण तर्कशास्त्र उभं करायचं होतं. त्याच वेळी प्रिन्स्टनमध्ये अलोन्झो चर्च त्याच ध्येयाने लॅम्डा कॅल्क्युलस रचत होता. त्यात चल ठेवलेले होते, पण त्यांची शिस्त कडक होती. हे दोन्ही मार्ग एकच आहेत हे चर्चचा विद्यार्थी बार्कली रॉसर याने दाखवलं. आणि १९३५मध्ये चर्चचेच दोन विद्यार्थी, स्टीव्हन क्लीनी आणि रॉसर, यांनी दोन्ही इमारतींत भेग दाखवली: त्यांत काहीही सिद्ध करता येतं, खोटंसुद्धा.

ती भेग कुठून येते ते एका ओळीत दाखवता येतं. एस आणि के यांनी असा एक कॉम्बिनेटर बनतो, त्याला वाय म्हणतात, की

वाय फ = फ (वाय फ)

फच्या जागी 'नाही' ठेवा. मग 'वाय नाही' हे विधान स्वतःच्याच नकाराइतकं होतं. ते खरं तर खोटं, खोटं तर खरं. रसेलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेगेला पत्रातून कळवलेली अडचण पुन्हा तीच. करीने या वायला विरोधाभासाचा कॉम्बिनेटर असंच म्हटलं आणि १९४२मध्ये ती भेग आणखी साध्या रूपात मांडली. त्यात 'नाही'चीही गरज नव्हती, 'जर-तर' पुरत होतं.

मला या सगळ्या कहाणीतलं हे वळण सर्वांत मोलाचं वाटतं. चर्चने तर्कशास्त्राचा भाग बाजूला ठेवला आणि उरलेल्या नुसत्या हिशोबाच्या यंत्रणेकडे पाहिलं. त्यात खरं-खोटं नाही, फक्त एका वाक्यावरून पुढचं वाक्य. तिथे वाय काही बिघडवत नाही. उलट वायमुळेच एखाद्या फंक्शनला स्वतःलाच पुन्हा बोलावता येतं, म्हणजे रिकर्शन. ज्या गोष्टीने तर्काची इमारत पाडली तीच गणनयंत्राचा कणा ठरली. १९३६मध्ये चर्चने याच यंत्रणेतून सिद्ध केलं की कुठलंही तार्किक विधान सिद्ध होतं की नाही हे ठरवणारी सरसकट रीत असू शकत नाही. त्याच वर्षी अॅलन ट्युरिंगने आपल्या कागदी यंत्राने तेच दाखवलं, आणि पुढच्या वर्षी दोन्ही रीतींची ताकद सारखीच असल्याचंही. म्हणजे आजच्या कुठल्याही संगणकाला जे जमतं ते सगळं एस आणि के या दोन अक्षरांना जमतं. वाय या नावाची आज एक अमेरिकन गुंतवणूक कंपनीही आहे, २००५मध्ये निघालेली वाय कॉम्बिनेटर. नवउद्योगांच्या बातम्यांत ते नाव भेटतं ते इथून गेलेलं.

इमारत पडली म्हणून तर्कशास्त्राशी नातं तुटलं नाही. १९३४मध्ये करीच्या लक्षात आलं की केचा प्रकार लिहिला, म्हणजे त्याला कोणत्या जातीची वस्तू लागते आणि कोणत्या जातीची परत मिळते हे लिहिलं, तर तो होतो: अ असेल तर, ब असेल तर अ. एसचा प्रकार आहे: 'अ असेल तर, ब असेल तर क' हे मिळालं आणि 'अ असेल तर ब' हेही मिळालं, तर अ वरून क निघतो. ही दोन वाक्यं तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाला ओळखीची आहेत. फ्रेगेच्या १८७९च्या पुस्तकातली पहिली दोन गृहीतकं हीच. शोनफिंकेल विटा कमी करत या दोघांपर्यंत पोचला, फ्रेगे चाळीसहून अधिक वर्षं आधी वेगळ्याच वाटेने तिथे पोचलेला होता. आणि 'एस के के'? 'अ असेल तर अ' याची पाठ्यपुस्तकातली पाच पायऱ्यांची सिद्धता आहे, तिच्यात एसचं गृहीतक एकदा, केचं दोनदा वापरलेलं असतं. त्या तीन अक्षरांत ती पूर्ण सिद्धता आहे. १९६९मध्ये विल्यम हॉवर्डने हे नातं पुढे नेलं, त्याची हस्तलिखित टिपणं हातोहात फिरली, आणि १९८०मध्ये करीच्या गौरवग्रंथात ती छापली गेली. सिद्धता म्हणजे प्रोग्रॅम, विधान म्हणजे त्याचा प्रकार. आज गणितातल्या सिद्धता संगणकाकडून तपासून घेणारी कॉकसारखी साधनं या पायावर उभी आहेत.

करी स्वतः संगणकाजवळ फार लवकर पोचला होता. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करी संशोधनात होता आणि १९४६मध्ये त्याने विला वायटबरोबर एनिॲक या यंत्रावर एका हिशोबाची मांडणी कशी करायची याचा अहवाल लिहिला. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने प्रोग्रॅम जोडण्याचा सिद्धान्त मांडला. प्रोग्रॅमचे लहानात लहान तुकडे करायचे आणि ते ठरावीक नियमांनी एकत्र बांधायचे. एसकेवाल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय! त्या वेळी त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

एस आणि के प्रत्यक्ष यंत्रात शिरले ते १९७९मध्ये. इंग्लंडच्या केंट विद्यापीठातला डेव्हिड टर्नर सासल नावाची, फंक्शनांवर आधारलेली प्रोग्रॅमिंगची भाषा चालवत होता. अशा भाषांची अडचण अशी की प्रोग्रॅम चालताना यंत्राला कुठल्या नावाची सध्या काय किंमत आहे याची वही सतत जवळ बाळगावी लागते, आणि फंक्शनं इकडून तिकडे दिली की वहीची पानंही बरोबर द्यावी लागतात. टर्नरने शोनफिंकेलची पुसण्याची रीत कंपायलरमध्ये घातली. प्रोग्रॅमरने नावं वापरून लिहायचं, कंपायलरने सगळी नावं पुसून एस, के, बी, सी यांचं झाड करायचं, आणि यंत्राने ते झाड नियमांनी बदलत जायचं. वहीच नाही. इथे एसची झेरॉक्सही लागत नाही. क्षच्या दोन प्रती काढण्याऐवजी झाडाच्या दोन फांद्या त्याच एका गाठीकडे नेल्या जातात. तिथला हिशोब एकदा झाला की गाठीवर उत्तर लिहिलं जातं आणि दोन्ही फांद्यांना ते आयतं मिळतं. आणि केने जे टाकून दिलं त्याचा हिशोब कधी होतच नाही. आळशी गणनेचा, लागेल तेव्हाच काम करण्याचा, हा अगदी नैसर्गिक अवतार.

किंमत मोजावी लागली ती लांबीत. एकात एक अशी बरीच नावं असली की पुसता पुसता झाड अफाट वाढतं. टर्नरने जास्तीचे काही कॉम्बिनेटर घालून ते आवरलं. १९८०मध्ये केंब्रिजला स्किम नावाचं यंत्रच बांधलं गेलं, ज्याची मूळ भाषा एस, के, आय होती. पण बाजारातले साधे प्रोसेसर दरवर्षी वेगवान होत गेले. जॉन ह्यूझने प्रत्येक प्रोग्रॅमला साजेसे मोठे कॉम्बिनेटर कापून घेण्याची रीत काढली आणि स्वीडनमध्ये ओगुस्टसन आणि योन्सन यांनी ती साध्या यंत्रांवर जोरात पळवली. खास यंत्रं मागे पडली.

करी १९८२मध्ये गेला. तो पक्षीनिरीक्षक होता, म्हणून रेमंड स्मलियनने १९८५च्या कोड्यांच्या पुस्तकात सगळ्या कॉम्बिनेटरांना पक्षी केलं आणि ते पुस्तक करीच्या स्मृतीला वाहिलं. के झाला केस्ट्रेल, एस झाला स्टारलिंग, आपल्या मैनेचा भाऊबंद. त्याच दशकात भाषाशास्त्रात मार्क स्टीडमनने वाक्यरचनेचं व्याकरण याच कॉम्बिनेटरांवर बांधलं आणि ॲना साबोल्चीने 'स्वतः'सारख्या शब्दांकडे एकच वस्तू दोन जागी पोचवणारा कॉम्बिनेटर म्हणून पाहिलं. "तो स्वतःला ओळखतो" यात ओळखणारा आणि ओळखला जाणारा एकच, आणि मध्ये कुठलाही क्ष नाही. जो-तो हा दोरा असेल तर 'स्वतः' हा एस.

१९८७मध्ये सासलसारख्या भाषा करणाऱ्या लोकांनी ठरवलं की सगळ्यांची मिळून एकच भाषा असावी. तिला करीचं पहिलं नाव द्यायचं ठरलं तेव्हा पॉल ह्यूडॅक आणि डेव्हिड वाइज परवानगी मागायला करीच्या पत्नी व्हर्जिनिया यांच्याकडे गेले. त्यांनी आनंदाने होकार दिला, आणि पाहुणे निघताना सांगितलं की करीला हॅस्केल हे नाव कधीच आवडलं नव्हतं. १ एप्रिल १९९० रोजी हॅस्केल भाषेचा पहिला अहवाल निघाला.

त्या भाषेत आज के लिहायचा तर त्याचं नाव कॉन्स्ट आहे, स्थिर. अदलाबदलीचं नाव फ्लिप. जोडणी म्हणजे नुसतं एक टिंब. करीची अक्षरं गेली आणि शोनफिंकेलने दिलेले अर्थ परत आले. एस जरा लपून बसला आहे. २००८मध्ये मॅकब्राइड आणि पॅटरसन यांनी एका लेखात वेगळ्याच कामासाठी एक चिन्ह मांडलं, आणि ते फंक्शनांवर वापरलं तर तोच एस होतो हे तिथेच नोंदवलं. २०२४मध्ये ओगुस्टसनने हॅस्केलसाठी एक लहानसा कंपायलर सादर केला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची टर्नरची रीत घेऊन तो पुन्हा सगळी नावं पुसतो आणि कॉम्बिनेटरांचं झाड करतो.

सुरुवातीचं क्ष + क्ष² हे उदाहरण हॅस्केलमध्ये असं लिहितात:

((+) <*> (^२)) ५

कंसातली बेरीज, मग एस, मग वर्ग. एंटर दाबलं की ३० येतं.